डाव्या दारापाशी

सकाळचे साडेसहा. कात्रज-कोंढवा रस्ता, खडीमशीन चौक. सिग्नल लाल. पुढे डंपर, त्याच्या डाव्या अंगाला फुटपाथला खेटून एक सायकलवाला. हँडलला डबा लटकवलेला.

त्याचा हिशेब साधा आहे: मला एवढं धूड दिसतंय, म्हणजे त्यालाही मी दिसत असणार. घोळ होतो तो इथेच.

आम्ही एक उभा डंपर घेतला आणि डाव्या दाराला चिकटून सायकल उभी केली. वर चढून चालकाच्या सीटवर बसलो. खिडकीतून दिसली समोरची टपरी, टपरीवरचा चहावाला. सायकल नाही. ती दाराच्या पत्र्याखाली, नजरेच्या बाहेर.

पूर्वी ही बाजू क्लीनरची. मान बाहेर काढून, पत्र्यावर थाप मारत "येऊ द्या, येऊ द्या" म्हणणारा. आता बऱ्याच गाड्यांवर चालक एकटाच. आरसे वाढलेत, खरंय. पण आरसा थाप मारत नाही.

मग चाकांना ओला चुना फासला आणि मोकळ्या मैदानात गाडी डावीकडे वळवली. जमिनीवर दोन वेगळ्या रेघा उमटल्या. पुढचं चाक लांबून फिरलं, मागचं आतून, कोपरा कापत. दोन्ही रेघांच्या मधल्या जागेत सायकल आरामात मावते.

चालकाला हे ठाऊक असतं. म्हणून डावीकडे वळायचं असलं तरी तो आधी गाडी जरा उजवीकडे घेतो. डावीकडे जागा मोकळी होते. सायकलवाल्याला वाटतं, वाट दिली. तो आत शिरतो. मागचा इंडिकेटर तोवर त्याच्या पाठीमागे गेलेला असतो.

मागच्या चाकाखाली कुणी जाऊ नये म्हणून बगलेला आडव्या पट्ट्यांचं कठडं लागतं, नियमानेच. चौकात तासभर उभे राहा, कुठे ते वाकलेलं दिसेल, कुठे नसेलच.

लंडनमध्येही वाहतूक डावीकडून चालते. तिथे 12 टनांहून जड ट्रकला, चालकाला काचेतून थेट किती दिसतं त्यावरून तारे देतात. ऑक्टोबर 2024 पासून तीनपेक्षा कमी तारे असले, तर जादा कॅमेरे-सेन्सर बसवल्याशिवाय शहरात परवाना नाही.

आणि आपल्याकडे सायकलवाला डंपरच्या कडेला का असतो? पुण्यात सायकल ट्रॅक आहेत की! त्यांवर दुचाक्या लावलेल्या असतात. उरते रस्त्याची कड. तिथे खचलेलं चेंबरचं झाकण, ते चुकवायला हँडल उजवीकडे, म्हणजे चाकाकडेच.

सिग्नल हिरवा होतो. डंपर आधी उजवीकडे सरकतो. आपला सायकलवाला पाय टेकवून मागेच थांबलाय.

त्याच्या मागून रिक्षावाला हॉर्न वाजवतो.