मोहोर, कलम आणि बांधावरचा सल्ला

[दृश्य : जानेवारीतली सकाळ. आंब्याच्या फांदीवर बांधलेल्या पातळ कापडी पिशव्या. शिडीवर उभी असलेली संशोधक, हातात बारीक चिमटा.]

आंब्याच्या एका तुऱ्यावर शेकडो फुलं असतात, कधी हजाराच्याही वर. त्यातली बरीचशी नर. फळ धरू शकणारी फुलं थोडी, आणि त्यांतूनही काढणीपर्यंत टिकणारं फळ एखाद-दुसरंच. आंब्याची नवी जात तयार करायची तर अशा तुऱ्यातलं एकेक फूल निवडायचं, त्याचा पुंकेसर चिमट्यानं काढायचा, दुसऱ्या जातीचे परागकण आणून कुक्षीवर टेकवायचे आणि वर पिशवी बांधायची. एवढं करूनही यातली बहुतेक फुलं गळून जातात. जे फळ टिकतं, त्यात कोय एकच. ती रुजवायची, रोप वाढवायचं आणि त्याला पहिलं फळ धरेपर्यंत काही वर्षं थांबायचं. मग चव घ्यायची, फळ किती टिकतं ते पाहायचं, दरवर्षी किती धरतं याची नोंद ठेवायची. त्यानंतर ठरतं, झाड ठेवायचं की तोडायचं.

भाताचा नवा वाण आठ-दहा वर्षांत शेतकऱ्यापर्यंत येऊ शकतो. आंब्याचं तसं नाही. ज्यानं संकर केला, त्यालाच त्याचं फळ प्रसारित झालेलं पाहायला मिळेल याची खात्री नसते. म्हणून फळझाडांच्या संशोधनाला माणसापेक्षा जास्त टिकणारी संस्था लागते. कोकणात ती आहे.

[दृश्य : दापोली. लाल जांभ्या दगडातल्या इमारती. फाटकावर विद्यापीठाची पाटी.]

वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र १९५७ सालचं. कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झालं १८ मे १९७२ रोजी, दापोलीत. पुढे त्याला डॉ. बाळासाहेब सावंत यांचं नाव मिळालं आणि वेंगुर्ल्याचं केंद्र याच विद्यापीठाचा भाग आहे. जांभ्याची उथळ माती, चार महिने कोसळणारा पाऊस आणि उरलेले आठ महिने पाण्याची चणचण. या मुलखात जे तगतं ते झाड. त्यामुळे इथल्या कृषी विद्यापीठाच्या कामाचा कणा उद्यानविद्या, म्हणजे फळं, भाज्या आणि फुलांच्या शेतीचं शास्त्र, असणं अगदी स्वाभाविक होतं.

[दृश्य : टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेली हापूस, रत्ना आणि सिंधूची फळं. हापूस चिरला जातो. आत पांढरट, पोकळ गर.]

हापूसचं दुखणं बागायतदाराला पाठ आहे. एक वर्ष भरपूर, पुढचं वर्ष रिकामं. आणि साका. बाहेरून निर्दोष दिसणारं फळ चिरलं की आत पांढरट, आंबूस गर. पेटी उघडणाऱ्या गिऱ्हाईकाला ते कापल्याशिवाय कळत नाही, आणि कळतं तेव्हा विश्वास गेलेला असतो. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली प्रसारित झालेला रत्ना हा या दुखण्यावर शोधलेला उपाय. फळ हापूसपेक्षा मोठं, साका नाही, दरवर्षी धरणारं. पुढे रत्नाचा हापूसशीच पुन्हा संकर झाला आणि १९९२ साली सिंधू आला. त्याची कोय इतकी पातळ, की फळात जवळजवळ सगळा गरच.

तरीही कोकणातल्या बागा आजही हापूसच्याच आहेत. बाजाराला हापूसचा वास हवा असतो, आणि त्या वासाला पर्याय अजून कुणी तयार केलेला नाही. म्हणून कुणी रत्नाला अपयश म्हणेल. मला ते पटत नाही. रत्नानं दाखवून दिलं, की साका हे आंब्याचं नशीब नाही, तो जातीचा गुण आहे आणि बदलता येतो. शिवाय याच संशोधनातून हापूससाठीही सल्ला निघाला. फळ पूर्ण तयार होऊ न देता चौदा आणे तयार झालं की उतरवा. उन्हात तापलेली जमीन खालून फळाला झळ लावते, तेव्हा झाडाखाली गवताचं आच्छादन करा. आणि फळ झेल्यानं, देठासकट काढा. देठ तुटला की चीक फळावर ओघळतो आणि डाग पडतो. नूतन झेला हे साधं अवजार याच विद्यापीठातलं. बारीक पाती आणि जाळी, बस एवढंच. पण बागेत त्याचा उपयोग एखाद्या मोठ्या शोधाइतका झाला.

काजूची गोष्ट याहून सरळ आहे. बियांपासून लावलेल्या काजूत एका झाडासारखं दुसरं नाही. वेंगुर्ल्यात निवड आणि संकरातून वेंगुर्ला १ पासूनच्या जाती निघाल्या. त्यातल्या वेंगुर्ला ४ आणि वेंगुर्ला ७ कोकणाबाहेरही गेल्या. मोठी बी, चांगला उतारा. इथे जुन्या जातीचा मोह आड आला नाही आणि शेतकऱ्यानं नवं कलम आनंदानं लावलं.

[दृश्य : जुलै. शेडनेटखालची रोपवाटिका. रांगेत बसलेले विद्यार्थी, हातात कलमाचा चाकू.]

जात तयार झाली, म्हणजे झाड झालं असं नाही. ते कलमानंच वाढवावं लागतं, आणि कलम पुस्तक वाचून बांधता येत नाही. उद्यानविद्येची पदवी चार वर्षांची. फळशास्त्र, भाजीपाला, फुलशेती, काढणीनंतरचं व्यवस्थापन हे सगळं वर्गात शिकवलं जातं. पण विद्यार्थी खरा शिकतो तो पावसाळ्यात, चिखलात बसून.

कोय कलम कसं होतं ते पाहा. रायवळ आंब्याच्या ताज्या कोयी जूनमध्ये रुजत घालतात. आंब्याची कोय फार दिवस ठेवली तर रुजत नाही. दोन-तीन आठवड्यांत तांबूस, लुसलुशीत पानांचं रोप वर येतं. पानं हिरवी व्हायच्या आत ते वापरायचं. कोयीच्या वर काही बोटं अंतर ठेवून शेंडा छाटायचा आणि खोडाला मधोमध उभी चीर द्यायची. मातृवृक्षावरून आणलेली तीन-चार महिने वयाची, डोळा फुगलेली काडी तेवढ्याच जाडीची निवडायची. तिला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, चिरेत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायचं. साली एकमेकींना भिडल्या तरच जोड जमतो. चाकू बोथट असेल, किंवा पाचर तासताना हात थरथरला, तर कलम मरतं. पंधरा-वीस दिवसांनी काडीला पालवी फुटते तेव्हा ज्याचं त्याला कळतं, हात बसला की नाही.

महाराष्ट्रात १९९० साली रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग लागवड सुरू झाली आणि कलमांची मागणी एकदम वाढली. कोकणातले डोंगरउतार आंबा-काजूनं भरले, त्यामागे सरकारचं अनुदान होतं. पण अनुदान रुजत नाही, कलम रुजतं. त्या काळात खात्रीच्या मातृवृक्षांवरच्या काड्या आणि कलम बांधणारे हात तयार होते, म्हणून ती योजना कागदावर राहिली नाही.

[दृश्य : गावातलं देऊळ. ओसरीवर बसलेले बागायतदार. उद्यानदूतांनी भिंतीला लावलेला तक्ता.]

शेवटच्या वर्षी विद्यार्थी गावात राहतात. ग्रामीण उद्यानविद्या कार्यानुभव असं त्याचं नाव, आणि गावकरी त्यांना उद्यानदूत, उद्यानकन्या म्हणतात. मातीचे नमुने कसे घ्यायचे, बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक कसं करायचं, ही प्रात्यक्षिकं ते करून दाखवतात. शेतकरी ऐकतो, आणि मग असा प्रश्न विचारतो की मुलगा गप्प होतो. माझ्या मते पदवीतला सगळ्यात महत्त्वाचा धडा हाच.

विस्ताराचं, म्हणजे संशोधन शेतकऱ्यापर्यंत पोहोचवण्याचं काम किती अवघड आहे हे समजून घ्यायचं तर पॅक्लोब्युट्राझॉलकडे पाहावं. बागायतदार त्याला कल्टार म्हणतात. हे संजीवक झाडात वाढ घडवणाऱ्या जिब्रेलिन या द्रव्याची निर्मिती रोखतं, त्यामुळे नवी पालवी आवरली जाते आणि मोहोर लवकर, आणि एरवी रिकाम्या जाणाऱ्या वर्षीही येतो. विद्यापीठानं हापूससाठी त्याची शिफारस केली, आणि ती नेमकी होती. झाड दहा वर्षांवरचं, निरोगी हवं. झाडाच्या घेराचा व्यास मोजायचा, पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर. त्याची सरासरी काढायची. मीटरमागे तीन मिलिलिटर औषध, पाण्यात मिसळून, बुंध्याभोवती गोलाकार पाडलेल्या भोकांतून, जुलैचा मध्य ते ऑगस्टचा मध्य या काळात. आणि त्यासोबत खत. दहा वर्षांवरच्या झाडाला पन्नास किलो शेणखत, दीड किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद, एक किलो पालाश. जे झाड जास्त फळ देणार, त्याला जास्त खायला हवं.

गावोगावी पोहोचलं ते एवढंच, की कल्टार घातलं की मोहोर येतो. अनेक बागांत खत राहून गेलं, माप राहून गेलं. अंदाजानं ओतलं गेलं, दरवर्षी वाढवत. मग फांद्यांच्या गाठी झाल्या, तुरे आखूड आणि गुच्छासारखे यायला लागले, झाडं थकली. औषधाचं नाव वाऱ्यावर पसरतं, त्याच्या अटी मात्र कुणीतरी बांधावर उभं राहून सांगाव्या लागतात. ते सांगायला माणूस कमी पडला, तर प्रयोगशाळेत सिद्ध झालेली गोष्टही बागेत नुकसान करते. म्हणून कृषी विज्ञान केंद्रातला विस्तारकर्मी मला संशोधकापेक्षा तसूभरही कमी वाटत नाही.

[दृश्य : उंच, दाट झालेली जुनी आंब्याची झाडं. एका झाडाची छाटणी सुरू.]

जुन्या बागांच्या पुनरुज्जीवनातही हेच. चाळीस-पन्नास वर्षांची झाडं एकमेकांत घुसतात, आत ऊन शिरत नाही, फवारणी शेंड्यापर्यंत पोहोचत नाही. अशा झाडांची मोठी छाटणी करायची, की नवी फूट येते आणि काही वर्षांत फळ पुन्हा सुरू होतं. पण वडिलांनी लावलेल्या झाडावर करवत चालवायला सांगणं सोपं नसतं. आणि छाटलेल्या जागेला बोर्डो पेस्ट लावली नाही, खोडकिड्यावर नजर ठेवली नाही, तर झाडच जातं. शेजारच्या बागेतलं एक छाटलेलं झाड फुटलेलं पाहिलं की मगच दुसरा बागायतदार करवत काढतो.

कोकमाच्या बाबतीत तर साध्या माहितीनंच फरक पडला. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी. बियांपासून लावलेली रोपं सात-आठ वर्षं सांभाळायची आणि मग कळायचं, की त्यातली जवळपास निम्मी फळच देणार नाहीत. मादी झाडाची काडी कोवळ्या खोडावर बांधायच्या मृदुकाष्ठ कलमानं हा जुगार संपला. कोकण अमृता ही जात कलमानं लावली की मादी झाड हमखास.

[दृश्य : फेब्रुवारी. एकाच फांदीवर वाटाण्याएवढी फळं आणि शेजारी फुललेला नवा मोहोर.]

अलीकडच्या हंगामांत बागायतदारांकडून एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते. फळं धरलेली असतात, मध्येच थंडी वाढते, त्याच फांदीवर नवा मोहोर फुटतो आणि झाड आधीची फळं टाकून देतं. याला पुनर्मोहोर म्हणतात. यावर मोहोराच्या वेळी पन्नास पीपीएम (दहा लाख भागांत पन्नास भाग) जिब्रेलिक आम्लाच्या फवारणीची शिफारस निघाली, ती बागेतून आलेल्या तक्रारीमुळेच. मोहोराचा रस शोषणारे बारीक फुलकिडे नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत, हा त्यामागून आलेला प्रश्न. तो अजून सुटलेला नाही.

दरवर्षी राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांचे शास्त्रज्ञ संयुक्त कृषी संशोधन आणि विकास समितीच्या बैठकीत जमतात. नवे वाण, नवी अवजारं, नव्या शिफारशी तिथे मांडल्या जातात. आकडे तपासले जातात, काही मंजूर होतात, काही आणखी चाचण्यांसाठी परत जातात. तिथे मांडायच्या प्रयोगांची यादी गावातल्या बैठकांतूनही तयार व्हायला हवी. तुमच्या बागेत फुलकिड्यांसाठी कोणतं औषध, किती वेळा आणि कोणत्या तारखेला फवारलं, एवढं वहीत लिहून ठेवा आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात ती वही घेऊन जा. पुढच्या हंगामाची चाचणी आखताना संशोधकाला नेमकी हीच माहिती लागते.