तीनशे पंधरा: मराठवाड्यातल्या एका काडतुसाची गोष्ट

[दृश्य: खाटेवर पसरलेलं घोंगडं. त्यावर एकच काडतूस. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.]

हे तीनशे पंधराचं काडतूस. बुडाला बाहेर आलेली कड, तिच्यावर सरळ पितळी अंग, मग खांद्याशी एकदम निमुळती होणारी मान आणि वर बोथट नाकाची जाडजूड गोळी. गोळीच्या टोकाला शिसं उघडं आहे. बुड उलटं करून पाहिलं तर के. एफ. ही अक्षरं दिसतात. म्हणजे पुण्याजवळचा खडकीचा दारूगोळा कारखाना, 1869 सालचा.

मराठवाड्यात ज्या घरात जुन्या रायफलचा परवाना आहे, तिथे पेटीतून बहुधा हेच काडतूस निघतं. बीड, धाराशिव, लातूर, किनवट-माहूरचं रान, कुठेही विचारा. जुनी माणसं ‘रायफल’ म्हणतच नाहीत. ‘त्यांच्याकडं तीनशे पंधरा हाय,’ एवढंच म्हणतात.

या काडतुसाचा जन्म मात्र फार लांबचा, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातला. फर्डिनंड मानलिकर हा तिथला बंदुकांचा नामांकित रचनाकार. त्याच्या रायफलसाठी 1888 मध्ये आठ मिलिमीटरचं काडतूस सैन्यात आलं. त्यात तेव्हा काळी दारूच होती. पण 1884 मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी धूर न करणारी दारू शोधली होती आणि सगळ्या युरोपची सैन्यं घाईनं तिच्याकडे वळत होती. 1890 मध्ये ऑस्ट्रियानंही तसंच केलं आणि काडतुसाला आजचं रूप मिळालं. आठ मिलिमीटर म्हणजे इंचाच्या हिशेबात 0.315.

मग ते हिंदुस्थानात का आलं? याचं कारण सरकारची भीती. 1857 नंतर इंग्रजांनी शस्त्रांवर पकड घट्ट केली, 1878 मध्ये शस्त्र कायदा आणला. सैन्याची थ्री-नॉट-थ्री रायफल आणि तिचं काडतूस सामान्य माणसाच्या हाती जाऊ द्यायचं नाही, असं धोरण ठरलं. कारण सरळ होतं. बाजारात तीच काडतुसं मिळायला लागली तर ती बंडखोरांपर्यंत पोचणार, आणि चोरलेल्या सरकारी बंदुकांत ती चालणार. मग शिकाऱ्याला द्यायचं काय? सैन्याच्या एकाही बंदुकीत न बसणारं काडतूस. इंग्लंडच्या बी. एस. ए. कंपनीनं सैन्याच्या ली-एनफिल्ड या थ्री-नॉट-थ्री रायफलच्याच धाटणीची रायफल तीनशे पंधरामध्ये बनवली आणि इकडे विकली. स्वातंत्र्यानंतर बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यानं तोच वसा चालू ठेवला. थ्री-नॉट-थ्री आजही सामान्य परवान्यावर मिळत नाही. ज्या भीतीपोटी हे काडतूस इथं आलं, ती गेली, साम्राज्यही गेलं. काडतूस राहिलं.

[दृश्य: बालाघाटचा डोंगर, पाटोदा तालुका. कुसळी गवताचा माळ. उन्हाळा.]

या डोंगररांगेतल्या एका गावात आम्ही बापूंना भेटलो. वयानं ऐंशीच्या पुढे. घरात तीन पिढ्या बंदूक होती. आजोबांकडे ठासणीची, वडिलांकडे छऱ्यांची बाराबोर आणि पोलीस अ‍ॅक्शननंतर काही वर्षांनी घेतलेली तीनशे पंधरा.

ठासणीच्या बंदुकीबद्दल बापू म्हणाले, “आमच्या आज्याच्या टायमाला बार भरायलाच इतका येळ लागायचा, की तवर हरिण पार माळाच्या पल्याड. एकच बार. त्यो हुकला की घरी जायचं. म्हणून आज्या लई वाट बघायचा. उगं बार काढायचा नाही.”

ही वाट बघण्याची सवय काडतुसं आल्यावरही टिकली, कारण काडतुसं मोजून मिळायची. परवान्यावर वर्षाला किती घेता येतील आणि जवळ किती ठेवता येतील याचा आकडा लिहिलेला असतो. शिवाय दुकान लांब. बीडहून औरंगाबादला जायचं, दुकानदाराची वही, सही, शिक्का. बापूंचे वडील रानात निघताना खिशात मोजकीच काडतुसं टाकायचे आणि आल्यावर झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या परत मोजून ठेवायचे. एक पुंगळी कमी भरली तर पुन्हा रानात जाऊन शोधायची.

ही पुंगळी इतकी मोलाची का, हे बाराबोरच्या पितळी काडतुसांकडे पाहिलं की कळतं. पुठ्ठ्याचं काडतूस एकदाच चालतं. पितळेचं पुन्हा पुन्हा भरता येतं. पूर्वी गावोगावचे बंदूकवाले ते घरीच भरायचे. बुडातली उडालेली टोपी, म्हणजे दारूला ठिणगी देणारी पितळी वाटी, दाबून बाहेर काढायची, नवी बसवायची, मापानं काळी दारू, तिच्यावर पुठ्ठ्याची चकती, मग नमद्याची जाड चकती, मग छर्रे, परत पुठ्ठा, आणि वरून मेण. बापूंच्या वडिलांचं दारूचं माप शिंगाचं होतं. ते आम्ही पाहिलं. कडा घासून गुळगुळीत झालेल्या आणि आतल्या बाजूला एक खूण कोरलेली. त्या खुणेच्या वर दारू घ्यायची नाही, हा घरचा नियम. पावसाळ्यात दारू सादळायची, म्हणून आषाढ-श्रावणात भरणं बंद.

किती दारू आणि किती छर्रे, ते आम्ही मुद्दामच सांगत नाही. परवान्याशिवाय काडतूस बनवणं आज गुन्हा आहे, आणि यातला धोका त्याहून जुना आहे. काळी दारू आणि धूर न करणारी दारू एकाच मापानं मोजली की घात होतो. नवी दारू तेवढ्याच मापात कितीतरी जास्त जोर करते. काळ्या दारूच्या मापानं नवी दारू भरल्यामुळे जगभर नळ्या फुटल्या, बोटं गेली, डोळे गेले. बापूंच्या वडिलांनी शहरातून कुणीतरी आणून दिलेली नवी दारू घरात ठेवलीसुद्धा नाही. “हिची चाल आपल्याला ठाऊक नाही,” म्हणून परत केली. या एका निर्णयासाठी त्या माणसाबद्दल आम्हाला फार आदर वाटतो.

रायफलचं काडतूस घरी भरणं त्याहून अवघड. नळीच्या आत पीळ असतो, गोळीची जाडी त्या पिळाला नेमकी बसावी लागते, दाब बाराबोरच्या कितीतरी पट. त्यासाठी लागणारी टोपी, दारू, गोळी, हत्यारं इथं कधी सहज मिळालीच नाहीत. त्यामुळे मराठवाड्यातला शिकारी तीनशे पंधराची खडकीची काडतुसं जशी आली तशीच वापरत राहिला.

जिथं कायदा मुभा देतो, अशा देशांत मात्र हेच काडतूस हातानं भरणारे आजही आहेत. अमेरिकेत आणि युरोपात अनेकांकडे जुन्या मानलिकर रायफली आहेत, पण त्यांचं काडतूस दुकानात क्वचित मिळतं. मग ती मंडळी रशियन 7.62 बाय 54 ची पुंगळी घेतात आणि साच्यात दाबून तिला या काडतुसाचा आकार देतात. जुन्या नळ्यांची मापं एकसारखी नसतात. म्हणून आधी मऊ शिशाचा तुकडा नळीतून ठोकत पलीकडे काढायचा, त्यावर उमटलेल्या पिळाची जाडी मोजायची आणि मगच गोळी निवडायची. जुन्या रायफलीवर जोर टाकायचा नाही, दारू बेतानं घ्यायची, हे शहाणे भरणारे पाळतात. शिंगाच्या मापावरची ती खूण आणि हा बेत, दोन्हींमागची समज एकच आहे.

[दृश्य: बापू माळाकडे बोट दाखवत अंतर सांगतात.]

आता गोळीबद्दल. वजन 244 ग्रेन, म्हणजे 15.8 ग्रॅम. वेग सेकंदाला सव्वासहाशे मीटरच्या आसपास. सैन्याच्या थ्री-नॉट-थ्रीची गोळी 174 ग्रेनची, पण सेकंदाला साडेसातशे मीटरच्या जवळ जाणारी. म्हणजे तीनशे पंधरा जड आणि सावकाश. बोथट नाकामुळे हवेत तिचा वेगही लवकर पडतो. शंभर मीटरवर नेम जुळवलेली रायफल दोनशे मीटरवर साधारण दीड वीत खाली मारते. मोकळ्या माळावर अंतराचा अंदाज पन्नास मीटरनं चुकला, तर गोळी काळजाऐवजी पायाला लागणार. जखमी जनावर मग रात्रभर रानात.

म्हणून जाणते लोक जवळ जायचे. वारा बघून, ओढ्याच्या आडानं, पोटावर सरपटत. माग काढणारी माणसं बहुतेक पारधी समाजातली. बंदूक नसतानाही रान त्यांना जास्त कळायचं. मोडलेली काडी, ओली लेंडी, कुठल्या बाजूला वळलेलं गवत, यावरून ती दिशा सांगायची. आजवर शिकारीच्या ज्या गोष्टी सांगितल्या गेल्या, त्यांत बंदूकवाल्याचं नाव राहिलं आणि माग काढणाऱ्याचं गेलं. हा अन्याय आहे आणि तो इथं बोलून दाखवायलाच हवा.

या गोळीचा चांगला गुण म्हणजे ती खोल जाते. रानडुकराच्या खांद्याचं हाड आणि चिखलानं घट्ट झालेली कातडी तिला अडवत नाही. बापू म्हणतात, “डुकराला हलकी गोळी लागली तर ते अंगावर येतं. हिनं जाग्यावर बसतं. पर नीट लागली तर.”

नंतरची निगाही तेवढीच महत्त्वाची. जुन्या काडतुसांच्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार झाला की नळीत त्याचा क्षार उरतो, तो हवेतली ओल ओढतो आणि एका रात्रीत गंज धरतो. तेलानं तो क्षार निघत नाही, पाण्यानंच निघतो. म्हणून रानातून आल्यावर कितीही उशीर झाला तरी चुलीवर पाणी उकळायचं, नळीतून ओतायचं, गजाला चिंधी लावून पुसायचं आणि मग तेल. बापूंच्या आई जेवणाच्या आधी ते पाणी ठेवायच्या.

[दृश्य: कोरडी विहीर. जुने कृष्णधवल फोटो.]

मग 1972 आलं. मराठवाड्यात ‘बहात्तर’ म्हटलं की दुष्काळ आठवतो. सुकडी, खडी फोडायची कामं, ओस पडलेली शिवारं. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. काळवीट पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या अनुसूचीत गेलं, पुढे 1991 च्या दुरुस्तीनं हौसेची शिकार पुरती बंद झाली. झालं ते योग्यच झालं, असं आमचं ठाम मत आहे. याच माळांवर माळढोक होता. तो गोळीनं आणि नांगरानं मिळून संपवला. काळवीट आज पाटोदा-आष्टीच्या शेतांत कळपानं दिसतं, ते या कायद्यामुळे. बापूंनीही शिकार सोडली. त्यांच्या बोलण्यात हळहळ आहे, पण तक्रार नाही.

शेतकऱ्याचं दुखणं मात्र खरं आहे. रानडुकरं एका रात्रीत भुईमूग उकरतात, रोही तुरीचे शेंडे खातात. कायद्यात वाट आहे. शेताचं नुकसान करणाऱ्या रोही आणि डुकरांना मारण्याची परवानगी वनअधिकारी देऊ शकतात, नुकसानभरपाईही मागता येते. पण कागद हलेपर्यंत पीक जातं. मग कुणी कुंपणाच्या तारेत करंट सोडतं, कुणी गावठी बॉम्ब पेरतं. त्यात कुत्री मरतात, गाईंचे जबडे फुटतात, शेजारचा शेतकरी पहाटे पाणी द्यायला निघतो आणि तारेला चिकटतो. वाट बघणाऱ्या, अंतर मोजणाऱ्या माणसाच्या हातची एक गोळी यापेक्षा कितीतरी दयेची होती. परवानगीचं काम लवकर व्हावं आणि ते नेमबाजी नीट येणाऱ्याच्याच हाती द्यावं, एवढं तरी सरकारनं करायला हवं.

आणि दुसरीकडे बंदूक मिरवण्याची वस्तू झाली. लग्नात हवेत बार, कमरेला पिस्तूल, मोबाइलवर रील. बीड जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांवर 2025 च्या सुरुवातीला वादळ उठलं आणि बरेच परवाने रद्द झाले. बापूंनी ती बातमी वाचली. ते म्हणाले, “हवेत कशाला मारायचं? गोळी कुठं पडती ते ह्यांना ठाऊक हाय का?”

[दृश्य: पत्र्याची पेटी उघडते. जुनी काडतुसं, काही हिरवट पडलेली.]

अशा पेट्या अजून कितीतरी वाड्यांत, माळ्यांवर पडून आहेत. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याची पेटी तापते, आणि उष्णतेनं काडतुसातली दारू हळूहळू बिघडत जाते. अशा काडतुसाचा बार कधी फुसका जातो, कधी चाप ओढल्यावर क्षणभर थांबून अचानक होतो. माणूस तेवढ्यात नळी आपल्याकडे वळवतो आणि जीव जातो.

म्हणून घरात वडिलांची, आजोबांची बंदूक किंवा काडतुसं सापडली, तर ती झाडून पाहू नका, उघडू नका, भंगारात देऊ नका. परवानाधारक वारला असेल तर शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावं लागतं. वारसाला ते हवं असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांकडे, स्वतःच्या नावानं परवान्याचा अर्ज करता येतो. जमा करताना पावती घ्या, आणि काडतुसं किती दिली तो आकडा त्या पावतीवर लिहून घ्या.