टीएसएच वाढलं म्हणजे काय वाढलं?

नमस्कार, श्रोतेहो.

गेल्या उन्हाळ्यात गावी गेले, तर माय भर मे महिन्यात पायांवर गोधडी घेऊन खाटेवर बसलेली. अंग जड, आवाज बसलेला. थायरॉइडच्या गोळ्यांची पट्टी पाहिली, ती भरलेलीच. मला म्हणते, "रिपोर्टात थायरॉइड वाढलं म्हणते ना, मंग आणखी गोळी कायले खाऊ?"

कागदावर वाढलेला होता टीएसएच. आणि हा घोटाळा एकट्या माझ्या मायचा नाही. दवाखान्याच्या ओट्यावर, कापूस वेचायला जमलेल्या बायांत मी तो कितीदा ऐकला आहे.

टीएसएच, म्हणजे थायरॉइड स्टिम्युलेटिंग हार्मोन, हा गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा माल नव्हेच. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते, तिथून तो निघतो. टीएसएच म्हणजे थायरॉइडला मारलेली हाक, काम कर म्हणून. रक्तात थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडचा खरा माल, कमी पडलं की हाक मोठी होते. मायच्या शरीरात तेच चाललं होतं: माल कमी, म्हणून हाका जास्त.

हाक ऐकून पेशी नेमकं काय करते, हे काचेच्या बशीत पाहता आलं. 1980 साली फ्रान्चेस्को अंबेसी-इंपिओंबातो आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या थायरॉइडपासून पेशींचा एक वाण जाहीर केला, एफआरटीएल-5. त्यांना लागणाऱ्या द्रवात टीएसएच, इन्सुलिन, हायड्रोकॉर्टिझोन असे सहा घटक घालतात. त्यातला टीएसएच काढून घ्या. पेशी मरत नाहीत, पण वाढ थांबते आणि थायरॉक्सिनसाठी लागणारं आयोडीन ओढून घेणंही मंदावतं.

आता टीएसएच परत घाला. लगेच काही दिसत नाही! हा थेंब पेशीच्या आत शिरतही नाही. तो बाहेरच्या ग्राहीला, म्हणजे निरोप झेलणाऱ्या प्रथिनाला, चिकटतो, आत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या वाढतो, निरोप केंद्रकापर्यंत जातो, तिथली जनुकं वाचली जातात आणि मग प्रथिनं घडू लागतात. आयोडीन ओढण्याची ताकद पूर्ण परतायला सुमारे 72 तास लागतात. प्रथिनं घडवणंच औषधानं रोखलं, तर ती परततच नाही. म्हणजे टीएसएच जुनी यंत्रं नुसती हलवत नाही, तो नवी घडवून घेतो.

या प्रथिनांतलं सगळ्यात मोठं थायरोग्लोब्युलिन, 2,700 हून अधिक अमिनो आम्लांची साखळी. आयोडीन हिच्यावरच बसतं आणि पुढे हिच्यातूनच थायरॉक्सिन तोडून घेतलं जातं. हिचं जनुक वाचलं जायला टीएसएचबरोबर इन्सुलिनचाही हात लागतो. बशीत दोन्ही नसले तर हे प्रथिन पार घटतं. मला हे फार मोलाचं वाटतं. साखरेसाठी ओळखलं जाणारं इन्सुलिन थायरॉइडच्या पेशीलाही कामाला लावतं.

पण माणसाची ग्रंथी खराब झाली असेल, तर कितीही हाका मारा, माल येत नाही. तेव्हा गोळीतलं थायरॉक्सिन ती उणीव भरतं. ते रक्तात पुरेसं झालं की पीयूषिका आपोआप शांत होते आणि टीएसएच उतरतो. त्याला वेळ लागतो, म्हणून डॉक्टर सहाएक आठवड्यांनी पुन्हा तपासणी सांगतात.

हे सगळं मी मायला खाटेवर बसून सांगितलं, बशीसकट. डॉक्टरांना विचारून गोळी पुन्हा सुरू केली. आता पहाटे उपाशीपोटी पाण्याबरोबर गोळी घेते आणि चहाचं आधण अर्ध्या-पाऊण तासानं ठेवते. परवा फोनवर तिनं विचारलं, "पुढच्या रिपोर्टात हाका किती झाल्या, तूच वाचून सांगशील ना?"