ट्रिपल म्हणजे नेमकं किती?

कास्तकार बंधू-भगिनींनो, नमस्कार.

फटफटीवर ट्रिपल सीट, फोन नंबर सांगताना ट्रिपल नाइन, खतांमध्ये ट्रिपल सुपर फॉस्फेट. शब्द एकच, पण काम वेगवेगळं. फोन नंबरात नऊचा आकडा लागोपाठ तीनदा लिहायचा, 999. तिथे गुणाकार नाही. खताच्या नावात मात्र तो आहे.

लॅटिन भाषेत 'त्रिप्लुस' म्हणजे तिप्पट. त्यातला 'त्रि' आपल्या त्रिकोणातल्या 'त्रि'चा सख्खा नातलग, कारण लॅटिन आणि संस्कृत एकाच कुळातल्या. 'प्लुस' म्हणजे घडी, पट. बेरजेचं 'प्लस' त्याहून वेगळं, त्याचा अर्थ 'अधिक'. 'दुप्लुस'पासून फ्रेंचमार्गे 'डबल' आला. 'ट्रिप्लिकेट'मध्ये अर्ज मागतात तोही याच घराण्यातला शब्द: मूळ अर्ज धरून तीन प्रती. मूळ अर्ज आणि वर तीन झेरॉक्स असं नाही.

आता खत. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद 16 टक्के, ट्रिपलमध्ये 46 टक्के, म्हणजे जवळपास तिप्पट. एकरी 30 किलो स्फुरद द्यायचं ठरलं, तर सिंगल एकशे साडेसत्त्याऐंशी, म्हणजे 187.5 किलो लागतं. ट्रिपल 65 किलोंत भागतं. पण तिप्पट होतं ते फक्त स्फुरद. सिंगलमध्ये 11 टक्के गंधकही असतं, त्या 187.5 किलोंतून साधारण 20 किलो गंधक वावरात पडतं. ट्रिपलमध्ये ते नावापुरतंच. सोयाबीनसारख्या तेलबियांना गंधक लागतंच, म्हणून ट्रिपल वापरलं तर गंधक वेगळं द्यावं लागेल. नावावर जाऊन हे विसरलं की पिकात कमतरता राहते.

सगळ्यात जास्त घोळ टक्क्यांत होतो. एकरी 4 क्विंटल कापूस 12 क्विंटलवर गेला, तर उत्पादन ट्रिपल झालं. वाढ किती? 8 क्विंटल, म्हणजे 200 टक्के, 300 नव्हे. 'उत्पादनात 300 टक्के वाढ' म्हणजे 4 चे 16, थेट चौपट! तेव्हा जाहिरातीत असा आकडा दिसला, तर दुकानदाराला सरळ विचारा: आधी एकरी किती क्विंटल होतं आणि नंतर किती झालं?