ओढ तुटू द्यायची नाही
साताऱ्यात उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन

मंडळी, बोलायला सुरुवात करण्याआधी हा पट्टा पुढच्या रांगेपासून हातोहात पाठवतो. पुसून आणलाय, तरी बोटांना थोडं तेल लागेल. लांबून घड्याळाच्या स्टीलच्या पट्ट्यासारखा दिसतो. जवळ घेतलात की कळेल, पत्र्यासारख्या पातळ पोलादी चकत्या एकामागे एक ओवल्या आहेत, सुमारे ४००. दोन्ही बाजूंनी पोलादी कड्यांचे थर त्यांना धरून ठेवतात. एका चारचाकीच्या इंजिनाची सगळी ताकद या पट्ट्यावरून चाकांकडे जात होती. तो माझ्याकडे कसा आला ते शेवटी सांगतो. तोवर सगळ्यांच्या हातातून जाऊ दे.

मी मूळचा गिअरचा माणूस. आपल्या साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना होता, तिथं प्रिया स्कूटर तयार व्हायची. मी १९७९ साली तिथं लागलो, गिअरबॉक्सच्या बेंचवर. ज्यांनी प्रिया चालवली आहे त्यांना आठवत असेल, डाव्या हाताने क्लच दाबायचा, तीच मूठ फिरवायची, खट्ट करून गिअर पडायचा. त्या खट्टच्या आधी एक क्षण असा असतो की इंजिन चाकापासून सुटलेलं असतं. सपाटीला तो जाणवत नाही. यवतेश्वरच्या चढाला, मागे बायको, पुढे पोरगं उभं, समोरून एसटी येतेय, तेव्हा तो क्षण पोटात गोळा आणायचा. गाडी पुढे जात नाही, मागे येईल की काय ही भीती. आज मी ज्या गाडीबद्दल बोलणार आहे, ती त्या एका क्षणावर इलाज म्हणून घडत गेली असं मला वाटतं.

गाडी जपानी आहे. सुबारू कंपनीची लेगसी नावाची स्टेशन वॅगन, म्हणजे मागे सामानासाठी छत लांबवलेली बुटकी मोटार, आणि तिचीच उंच केलेली बहीण आऊटबॅक. आपल्या रस्त्यावर ती दिसत नाही. तरीही तिच्याबद्दल सांगावंसं वाटतं, कारण तिच्यातली अर्धी युक्ती तुमच्या घरासमोर उभी आहे. तुमच्या मुलीची, सुनेची बिनगिअरची स्कूटर.

त्या स्कूटरच्या डाव्या बाजूचं झाकण काढलं की आत दोन पुल्या आणि एक रबरी बेल्ट दिसतो. पुली म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या दोन उतरत्या ताटल्या समजा. पुढच्या पुलीत छोटे गोल रोलर असतात, बहुतेक गाड्यांत सहा. इंजिन जोरात फिरलं की रोलर बाहेर फेकले जातात आणि ताटलीला ढकलतात. ताटल्या जवळ आल्या की मधला बेल्ट वर चढतो. बेल्टची लांबी तर तेवढीच, त्यामुळे मागच्या पुलीच्या ताटल्या स्प्रिंगला दाबून फाकतात आणि तिथं बेल्ट खाली उतरतो. पुढचं चक्र मोठं, मागचं लहान, गाडीला वेग. चढ आला, वेग पडला की उलट. मधे कुठे पायरी नाही, खट्ट नाही, ओढ सुटत नाही. पाच गिअर नाहीत, एकच गिअर आहे आणि तो सतत बदलतो आहे. यालाच सीव्हीटी म्हणतात. रोलर एका बाजूने घासून चपटे झाले की स्कूटर पिकअप घेत नाही, हे गॅरेजवाल्या पोरांना पाठ आहे.

ही युक्ती मोटारीत आणली ती हॉलंडमध्ये. हूब व्हॅन डॉर्न नावाच्या माणसाने १९५८ साली डाफ कंपनीच्या छोट्या गाडीत रबरी बेल्ट बसवले. आपल्याकडे १९८४ ला कायनेटिक होंडा ही स्कूटर आली तेव्हा आम्ही बेंचवरचे लोक ती उघडून बघायला धावलो होतो. गिअरच नाहीत म्हटल्यावर आमच्या पोटावरच पाय आल्यासारखं वाटलं, पण आत बघितल्यावर मान डोलावली.

मोटारीचं वजन आणि जोर रबराला पुढे झेपेना, म्हणून तुमच्या हातात आहे तसा पोलादी पट्टा आला. सुबारूने तो १९८७ साली जस्टी नावाच्या लहान गाडीत वापरला. गंमत बघा, हा पट्टा ओढत नाही, ढकलतो. चकती चकतीला रेटत जाते. पुढे २००९ च्या लेगसीत त्यांनी पट्ट्याऐवजी साखळी घातली. साखळी ओढून काम करते आणि लहान घेरातही वळते, म्हणून सगळ्यात हलक्या आणि सगळ्यात जड गिअरमधलं अंतर वाढवता येतं. इथं रोलर नाहीत, ताटल्या तेलाच्या दाबाने सरकतात आणि किती सरकायचं ते संगणक ठरवतो. या गाडीवर एक तक्रार नेहमी होते की आवाज आधी वाढतो आणि वेग मागून येतो. खरं आहे. पण ते इंजिन त्याच्या सोयीच्या फेऱ्यांवर बसून काम करतंय आणि गाडी त्याच्या मागोमाग येतेय. मला तो आवाज कधी खटकला नाही.

ओढ तुटण्याची दुसरी जागा गिअरबॉक्समध्ये नसते, रस्त्यावर असते. गळिताच्या दिवसांत उसाच्या ट्रॉलीने चिखल सांडलेला असतो, कासच्या वाटेवर पावसात लाल माती वाहून येते, त्यावर एक चाक सटकलं की सगळी ताकद त्या एका चाकाकडे पळते आणि ते जागेवर गरगरतं.

सुबारूचा यावरचा इलाज वायरमनमुळे सुरू झाला. जपानच्या उत्तरेला तोहोकू भागात भरपूर बर्फ पडतो. तिथल्या वीज कंपनीच्या माणसांना हिवाळ्यात लाइन दुरुस्त करायला डोंगरात जावं लागायचं. जीपने जाता यायचं, पण दिवसभर थंडीत हाडं खिळखिळी व्हायची. त्यांना घरच्या मोटारीसारखी बसायला बरी आणि जीपसारखी चढणारी गाडी हवी होती. त्यातून १९७१ ला नमुना तयार झाला आणि १९७२ ला लिओनी नावाची चारही चाकं ओढणारी वॅगन विक्रीला आली. जावळीत पावसाळ्यात खांबावर चढणारा आपला वायरमन आठवा, म्हणजे ही मागणी किती साधी आणि किती खरी होती ते कळेल.

सुबारू हे जपानी भाषेतलं कृत्तिकांचं नाव आहे. आपल्या कार्तिकाचं नाव ज्यांच्यावरून पडलं त्याच कृत्तिका. कार्तिकेयाला दूध पाजणाऱ्या सहा माता आपण मानतो, त्यांच्या बिल्ल्यावरही सहा तारे आहेत. एवढ्या लांबच्या दोन देशांनी आकाशातला तोच झुबका उराशी धरला, याचा मला फार आनंद वाटतो.

लेगसी १९८९ साली आली. तिचं इंजिन आडवं झोपलेलं, पिस्टन डावी-उजवीकडे एकमेकांसमोर चालतात, त्यामुळे वजन खाली राहतं. मागे सरळ रेषेत गिअरबॉक्स आणि तिथून मागच्या चाकांकडे शाफ्ट. सीव्हीटीच्या गाडीत गिअरबॉक्सच्या शेपटाला तेलात बुडालेल्या क्लचप्लेटा असतात. साधारणपणे पुढे ६० आणि मागे ४० टक्के ओढ जाते, पुढची चाकं घसरू लागली की प्लेटा आवळून मागे जास्त. बटण दाबायचं नाही, लिव्हर ओढायचा नाही.

माझी भाची जपानमध्ये, त्याच तोहोकू भागात सेंदाईला असते. एका जानेवारीत तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा जावईबापूंनी त्यांच्या वॅगनमधून यामागाताच्या बाजूला, झाओ डोंगरातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी नेलं. गुडघाभर बर्फ, रस्ता दाबून काचेसारखा झालेला. एका चढावर त्यांनी मुद्दाम गाडी थांबवली आणि परत सोडली. गाडी जागची हलली ती पाण्यावर होडी हलावी तशी. मी म्हटलं, "बापू, थांबा, मला उतरून बघू द्या." चारही टायरच्या खुणा स्वच्छ उमटल्या होत्या, कुठे खरवडलेलं नाही. मी तिथंच बर्फात उकिडवा बसलो. प्रियाच्या बेंचवरून उठून इतकी वर्षं झाली, त्या खुणा बघताना मात्र आपण परत कामावर आलोय असं वाटलं.

पण उतरताना जावईबापू मुंगीच्या पावलाने चालवत होते. मी विचारलं, एवढी चढणारी गाडी आणि उतरताना भीती कसली? ते म्हणाले, "मामा, चढताना चार चाकं ओढतात. थांबायला सगळ्यांच्याच गाडीला चार चाकं असतात." थांबवतो तो टायर, आणि त्यांनी हिवाळ्याचे वेगळे मऊ टायर घातले होते. फोर व्हील घेतली म्हणून पसरणीत भरधाव उतरणारी तरुण मुलं मी बघतो, त्यांच्यासाठी ही गोष्ट इथं सांगतोय. आणि सीव्हीटीची गाडी घाटात दांडा डी वर, म्हणजे नेहमीच्या चालीवर, सोडून नुसत्या ब्रेकवर उतरवू नका. एल, म्हणजे हलका गिअर, असेल तर एल, स्टिअरिंगमागे गिअर उतरवायचे पॅडल असतील तर पॅडल, इंजिनाला गाडी धरू द्या. वाईत पोचेपर्यंत चाकातून जळका वास येत असेल तर ब्रेक संपत आले म्हणून समजा.

आपल्याकडे वॅगन रुजली नाही याचं मला वाईट वाटतं. १९९२ ला टाटा इस्टेट आली, पुढे बलेनो अल्टुरा, इंडिगो मरिना. २००३ च्या सुमाराला सुबारूचीच फॉरेस्टर शेवरोले नावाने इथं मिळायची. सगळ्या गेल्या. लोकांना उंच गाडी हवी. पण कुंभार्लीने कोकणात जाताना आजीला गुडघा वर न उचलता बसता येतं, मागे आंब्याच्या पेट्या कमरेच्या उंचीवर सरकवता येतात आणि वळणावर गाडी झुकत नाही, हे सगळं वॅगनच देते.

चारही चाकं ओढणारी गाडी कोणी घेतलीत तर एक पथ्य पाळा. एक टायर फाटला म्हणून एकच नवा टाकू नका. सुबारूचा नियम आहे, चारही टायरच्या घेरात पाव इंचापेक्षा जास्त फरक नको. नवा टायर मोठा, घासलेले लहान, मग सरळ रस्त्यावरसुद्धा गाडीला वाटतं कुठलं तरी चाक घसरतंय. त्या तेलातल्या प्लेटा रात्रंदिवस एकमेकींवर घासत राहतात आणि जळतात.

आता तो पट्टा. कुठवर आला? चौथ्या रांगेत? बरं. तो कराडकडच्या एका शिक्षकांच्या गाडीतला आहे. गाडीचं नाव घेत नाही, गाडीची चूक नव्हती. कुठल्याशा गॅरेजमध्ये सीव्हीटीचं तेल बदलताना साधं ऑटोमॅटिकचं तेल भरलं. तेल तेलच असतं, असं त्यांना सांगितलं गेलं. तसं नसतं हो. या तेलाला दोन उलटी कामं करायची असतात. वंगणही द्यायचं आणि पोलादाला पोलादावर पकडही द्यायची. पकड गेली आणि पट्टा पुलीवर घसरू लागला. माझ्याकडे गाडी आली तेव्हा पट्टाही गेला होता, पुल्याही. सरांनी पेन्शनच्या पैशातून घेतलेली गाडी होती ती. हिशेब सांगताना माझा आवाज निघेना.

ज्यांच्या हातात आहे त्यांनी चकतीच्या तिरप्या कडेवरून नख फिरवा. गुळगुळीत लागेल, मधे मधे ओरखडे. इथं टेबलावर मी दुसरा पट्टा ठेवलाय, चांगला. त्याच्या कडेला बारीक खाचा आहेत, नखाला कंगव्यासारख्या लागतात. तेल त्या खाचांतून बाजूला होतं आणि कड पुलीला धरते. जाताना दोन्हींवरून नख फिरवून बघा. घाई करू नका, मी इथंच आहे.