जुन्या गिटारची किंमत पुढे कोण राखणार?

अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावी, गिब्सन कंपनीच्या कारखान्यात, १९५८ ते १९६० या काळात एक गिटार तयार होत असे. महोगनीचे अंग, त्यावर लहरींसारख्या रेषा असलेल्या मेपलचा दर्शनी थर, आणि मध्यभागी पिवळी व कडेकडे लाल होत जाणारी रंगछटा, अशी ही ‘लेस पॉल स्टँडर्ड’. किंमत अडीचशे डॉलरच्या आसपास असूनही तिला पुरेसे गिऱ्हाईक मिळेना, म्हणून जेमतेम दीड हजार नगांनंतर कंपनीने ती बंद केली आणि १९६१ मध्ये पातळ अंगाची, दोन शिंगांची निराळीच गिटार बाजारात आणली. आज त्या दीड हजारांपैकी मूळ अवस्थेतील एखादी विकत घ्यायची तर काही लाख डॉलर मोजावे लागतात.

या गिटारचे लाकूड दरम्यानच्या काळात बदललेले नाही. बदलले ते संगीत. १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या ‘ब्लूजब्रेकर्स’ या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रिकेवर ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टनने अशीच एक लेस पॉल मार्शल अॅम्प्लिफायरला जोडून, आवाज पुरता चढवून वाजवली, आणि तो भरदार, लांबत जाणारा स्वर आपल्यालाही हवा असे असंख्य तरुण वादकांना वाटू लागले. मागणी इतकी वाढली की १९६८ मध्ये गिब्सनला लेस पॉल पुन्हा बनवायला घ्यावी लागली.

त्या स्वराने भारावलेली पिढी पुढे हाती पैसा आल्यावर संग्राहक झाली. तिने अस्सलपणाचे जे निकष घालून दिले, ते फार बारीक आहेत. दुकानाच्या काचेत उन्हात राहिल्याने लाल रंग उडून फिका पडलेला चालतो, किंबहुना त्याचे कौतुकच होते; परंतु तीच गिटार कोणी नव्याने रंगवली असेल, किंवा तिची मोडलेली मान सांधलेली असेल, तर किंमत निम्म्यापर्यंत उतरू शकते. आतल्या विजेच्या तारांचा मूळ डाख कोणी उकलला आहे का, हेही जाणकार पाहतात.

आता ही पिढी वृद्ध झाली आहे आणि तिचे संग्रह हळूहळू वारसांकडे किंवा लिलावाकडे जाऊ लागले आहेत. पुढच्यांना या वाद्यांची तेवढीच ओढ असेल का, या प्रश्नाचे उत्तर शोधताना गिटारच्याच दोन भावंडांकडे पाहावे लागते.

१९२० च्या दशकात अमेरिकेतील नृत्यसंगीताच्या वाद्यवृंदांत चामड्याने मढवलेल्या गोल अंगाचा, चार तारांचा टेनर बँजो अग्रभागी होता. शिंपल्याची जडणकाम, कोरीव लाकूड आणि सोन्याचा मुलामा असलेले हे बँजो त्या काळातील सर्वांत महागड्या वाद्यांपैकी होते. पुढच्या दशकात वाद्यवृंदांनी त्यांच्या जागी गिटार घेतली, वाजवणारे उरले नाहीत, आणि कारागिरी तितकीच देखणी असूनही त्यांचा भाव पडला. पुढे ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीताच्या प्रकारात पाच तारांच्या बँजोला मागणी आली, तेव्हा कित्येक टेनर बँजोंची मूळ दांडी काढून पाच तारांची नवी दांडी बसवण्यात आली.

मँडोलिनचे नेमके उलटे झाले. गिब्सनचे वाद्यरचनाकार लॉइड लोअर यांची सही असलेली गिब्सनची ‘एफ-५’ मँडोलिने १९२२ ते १९२४ दरम्यान बनली, पण मँडोलिनची लाट तोवर ओसरली होती. १९४० च्या दशकात मँडोलिनवादक बिल मन्रो यांना मायामीतील एका केशकर्तनालयात त्यांतले एक दीडशे डॉलरना मिळाले. मन्रो यांनी त्यावर ब्लूग्रासचा पाया घातला, आणि अडगळीत जाऊ शकणारी ती मँडोलिने पुढे लाख डॉलरच्या पलीकडे गेली.

माझ्या मते जुन्या गिटारचे भवितव्य याच दोन दाखल्यांत आहे. केवळ दुर्मीळतेवर किंमत टिकत नाही; ते वाद्य वाजवणारे आणि ऐकणारे असावे लागतात. २००८ च्या मंदीनंतर जुन्या गिटारींचे फुगलेले भाव घसरले, तेव्हा हे अनेक गुंतवणूकदारांच्या अनुभवास आले. अव्वल लेस पॉल आणि मार्टिन या अमेरिकी कंपनीच्या दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या गिटारी आपले मोल राखतील असे मला वाटते. १९७० च्या दशकात मोठ्या संख्येने बनलेल्या सामान्य गिटारींबद्दल तसे म्हणवत नाही.

कायद्याचाही यात वाटा आहे. मार्टिनने १९३३ ते १९४२ या काळात ‘डी-४५’ या नमुन्याच्या केवळ ९१ गिटारी बनवल्या, त्या ब्राझीलच्या रोझवूडच्या. त्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून कडक निर्बंध आहेत, त्यामुळे अशी गिटार परदेशी विकताना लाकूड निर्बंधापूर्वीचे असल्याचे कागद लागतात, आणि ते नसतील तर वारसाच्या हातातील ठेव देशाबाहेर विकता येत नाही. त्या लाकडाची टंचाई भासू लागल्यावर १९६९ च्या सुमारास मार्टिन भारतीय रोझवूडकडे वळली. आपल्या सह्याद्रीत वाढणारी आणि जुन्या मराठी घरांतल्या पलंग-कपाटांमुळे ओळखीची असलेली शिसव ती हीच.

शेवटी १९५९ च्या एका लेस पॉलकडे पाहू. ती प्रथम ब्रिटिश गिटारवादक पीटर ग्रीन यांनी गाजवली. त्यांच्याकडून ती गिटारवादक गॅरी मूर यांच्याकडे गेली आणि त्यांनी ती तीन दशकांहून अधिक काळ सांभाळली. २०१४ मध्ये ती ‘मेटॅलिका’ या रॉक वाद्यवृंदाचे गिटारवादक कर्क हॅमेट यांच्या हाती आली. तिच्या दोन पिकअपपैकी, म्हणजे तारांचे कंपन टिपून त्याचा विद्युत संकेत करणाऱ्या भागांपैकी, एकातील चुंबक उलटे बसलेले आहे, त्यामुळे दोन्ही पिकअप एकत्र वाजवले की स्वर पोकळ, काहीसा अनुनासिक येतो. हॅमेट ती गिटार आजही मैफलींत घेऊन जातात, आणि तो स्वर तसाच ऐकू येतो.