पत्र्यावरचा पाऊसही राहू द्या

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ते गोव्यातला जाझ जसा वाजतो तसा टिपून ठेवण्याबद्दल. १९७७ साली व्हॉयेजर नावाची दोन यानं अंतराळात गेली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे आणि तीत आपल्या केरीच्या केसरबाई केरकर भैरवी गातात. गोव्यात हे अभिमानाने सांगतात, सांगायलाच हवं. पण त्याच तबकडीवर अमेरिकेतल्या जाझवादक लुई आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेटही आहे, हे फारसं कुणी बोलत नाही. दोघांना जागा मिळाली ती तीन-साडेतीन मिनिटांची. दोघांचंही ते ध्वनिमुद्रण मुळात मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीसाठी झालेलं, आणि तिच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं. एकच राग बैठकीत विस्ताराने मांडणाऱ्या बाईंनी तबकड्या मोजक्याच दिल्या, यात मला नवल वाटत नाही.

मी फोंडा तालुक्यात वाढलो. वडील भजनाला पेटी धरायचे. त्यामुळे पणजीत पहिल्यांदा जाझ ऐकायला गेलो तेव्हा कान मैफलीचे होते, आणि त्याच कानांनी मला वाट दाखवली. सुरुवातीला सगळे मिळून एक धून वाजवतात. ती बहुतेकदा ३२ मात्रागटांची असते, ब्लूज हा प्रकार असेल तर १२. त्यांच्या भाषेत मात्रागट म्हणजे बार. मग तो ३२ बारांचा घेर फिरत राहतो, आपल्या आवर्तनासारखा. धून बाजूला ठेवून एकेक वादक त्या घेरात आपलं काही रचतो, तिथल्या तिथे, न लिहिलेलं. पियानोवाला मागून स्वरांचे गुच्छ टाकत साथ करतो. पुढे सॅक्सोफोन चार बार वाजवतो, ड्रमवाला चार बारांत उत्तर देतो: अगदी सवाल-जवाब. शेवटी सगळे धुनेवर परततात, मुखड्यावर यावं तसे. हे एकदा ध्यानात आलं की जाझ परका वाटत नाही. माझा मुद्दा इथूनच सुरू होतो. उद्या तेच वादक तीच धून वाजवतील, पण आजचं आज संपलं.

गोव्यात हे संपणं फार मोठं आहे. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून मुलांना सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सारेगम, शिकवत, व्हायोलिन हातात देत, नोटेशन वाचायला लावत. त्या शिक्षणावर इथले वादक मुंबईत गेले, हॉटेलांतल्या बँडमध्ये बसले आणि पुढे सिनेमाच्या स्टुडिओत. हळदोण्याचे आंतोनियो शाविएर वाझ म्हणजे चिक चॉकलेट. त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. आपल्या रामचंद्र चितळकरांचे, म्हणजे सी. रामचंद्रांचे ते सहायक होते. १९५१ च्या ‘अलबेला’त ते आपल्या बँडसह पडद्यावर दिसतातही. बँडच्या त्यांच्या तबकड्याही निघाल्या. पण त्याही तीन-तीन मिनिटांच्याच. रात्री उशिरा, नाचणारी माणसं थकून बसल्यावर, हा माणूस एखादी धून कशी फुलवत असेल? ते ऐकायला माझ्याकडे काही नाही. सिनेमाच्या तबकडीवर गायकाचं नाव असे, संगीतकाराचं असे. मागे चाळीस माणसं वाजवत असली तर त्यांची नावं छापत नसत. पुढे आपणच म्हणायचं, अमुक गाण्यातला ट्रम्पेट काय सुंदर आहे हो!

म्हणून गेली काही वर्षं मी इथल्या जाझच्या संध्याकाळी टिपतो आहे. हे काम मोबाइलवर होत नाही का, असं मला नेहमी विचारतात. होतं, पण जाझचा नेमका प्राण निसटतो. मोबाइल आवाजाची पातळी आपोआप सांभाळतो. बेसवाला हळू बोटांनी एकटा वाजवत असतो, तेव्हा मोबाइल आवाज वर ओढतो. ग्लासांचा खणखणाटही मोठा होतो. मग ड्रमवाला काठी मारतो की मोबाइल दचकून सगळंच दाबून टाकतो. हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर हीच तर या संगीतातली बढत, आणि तीच सपाट होते. निदान ती आपोआप पातळी बंद करायची सोय शोधा.

दुसरा मोह मिक्सरचा, म्हणजे सगळे माइक जिथे जोडतात त्या यंत्राचा. आयोजक म्हणतो, थेट तार घ्या, स्वच्छ आवाज मिळेल. स्वच्छ मिळतो खरा. पण छोट्या जागेत ड्रम आणि सॅक्सोफोन एवढे मोठे असतात की त्यांना माइक लावतच नाहीत. त्या तारेतून गायिका आणि कीबोर्ड येतात, बाकीचे दुसऱ्या खोलीत बसल्यासारखे ऐकू येतात. मी दोन माइक स्टँडवर, श्रोत्यांच्या डोक्यांच्या वर, बँडसमोर लावतो. दोघांत १७ सेंटिमीटर अंतर, म्हणजे साधारण माणसाच्या दोन कानांमधलं, आणि तोंडं बाहेर वळवलेली, दोघांत मिळून ११० अंशांचा कोन. फ्रेंच रेडिओवाल्यांनी बसवलेली ही पद्धत आहे. आवाजाची पातळी अशी ठेवायची की सगळ्यात मोठा ठोकाही काट्यावर वजा १२ डेसिबलच्या आसपास थांबेल. वर मोकळी जागा हवीच, कारण वादक रंगात आला की काय करील ते त्यालाही माहीत नसतं. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ अशा दर्जाने टिपलं तर तासाभराला सुमारे एक जीबी लागते. आज ही काही मोठी किंमत नाही.

आणि यंत्र मध्ये बंद करायचं नाही. हे मी अमेरिकेतल्या एका वेड्या रसिकाकडून शिकलो. डीन बेनेडेटी स्वतः सॅक्सोफोन वाजवायचा आणि जाझचा थोर सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर याच्यावर त्याचा जीव होता. १९४७-४८ मध्ये तो यंत्र घेऊन पार्करच्या मागे फिरला. पार्कर वाजवू लागला की यंत्र सुरू, थांबला की बंद. पुढे चाळीसेक वर्षांनी, १९९० मध्ये, ते सारं प्रसिद्ध झालं. त्याचे उपकार आहेतच. पण ऐकताना मन हळहळतं. पार्करने ज्याला उत्तर दिलं तो प्रश्न कुठे आहे? ट्रम्पेटवाल्याने काय टाकलं होतं म्हणून याला ते सुचलं? बैठकीत तबल्याचा ठेका काढून टाकला आणि नुसत्या ताना ठेवल्या, तर तुम्ही त्याला गाणं म्हणाल?

गेल्या पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली एक संध्याकाळ टिपली. बॅलड, म्हणजे संथ धून, चालू होतं आणि पाऊस आला. आपल्याकडचा पाऊस तुम्हांला माहीत आहे, तो विचारून येत नाही. पियानोवाला थांबला नाही. त्याने डाव्या हाताचे स्वर विरळ केले, वरच्या पट्टीत गेला आणि पत्र्याच्या आवाजाला जागा करून दिली. ड्रमवाल्याने ड्रमवर फिरवायचे ब्रश खाली ठेवले आणि दोन घेर गप्प बसून राहिला. संगणकावर पावसाचा आवाज काढून टाकायची सोय आहे. मी काढला असता, तर त्या दोघांनी काय केलं हे कोणालाही कळलं नसतं.

आता टिपलेलं लोकांत वाटण्याबद्दल. इथे माझ्या हातून एक चूक झाली आहे. एका सॅक्सोफोनवादकाला वाजवण्याआधी विचारलं होतं, टिपू का, लोकांना ऐकवू का? तो हो म्हणाला. त्या रात्री त्याने एका अवघड धुनेत नवी वाट धरली आणि मध्येच अडखळला. मला ते अडखळणं फार जिवंत वाटलं, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळंच्या सगळं इंटरनेटवर टाकलं. चार दिवसांनी त्याचा फोन आला. तो रागावला नव्हता. त्याचे विद्यार्थी ते ऐकत होते आणि त्याला लाज वाटत होती. मी ते लगेच काढलं.

तेव्हापासून मी परवानगी दोनदा घेतो. आधी टिपण्याची, मग आठवड्याभराने, ज्याने त्याने स्वतःचं वाजवणं घरी ऐकल्यावर, वाटण्याची. तिथल्या तिथे सुचणारं संगीत आहे हो. वाजवण्याआधी माणूस होकार तरी कशाला देणार, काय वाजणार आहे हे त्यालाच ठाऊक नसताना? आणि परवानगी सगळ्यांची, फक्त बँडच्या म्होरक्याची नव्हे. चौघांतल्या एकानेही नको म्हटलं तर ते माझ्याकडे पडून राहतं. पुसत मात्र नाही, पुसू का हेही त्यांनाच विचारतो. कायदाही वादकाच्या बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात आज सादरकर्त्याचा हक्क ५० वर्षांचा आहे. धुनेच्या रचनाकाराचा हक्क वेगळा: त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. जाझवाल्यांच्या आवडीच्या कितीतरी धुना अजून त्या मुदतीत आहेत, तेव्हा तिकडेही बघावं लागतं. बरेच वादक स्वतःच्या धुना रचतात. त्या आधी वाटाव्यात, असं माझं मत.

पण नुसतं जपून ठेवणं हेही माझ्या मनाला पटत नाही. १९५७ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पियानोवादक थेलोनियस मंक आणि सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन एकत्र वाजले. अमेरिकेच्या सरकारी रेडिओने ते टिपलं. मग त्या फिती ग्रंथालयात गेल्या आणि २००५ मध्ये कुणाच्या तरी हाती लागेपर्यंत तिथेच राहिल्या. अठ्ठेचाळीस वर्षं! तिथलं ग्रंथालय कोरडं होतं, म्हणून फिती वाचल्या. आपल्या घरी कपाटात ठेवलेल्या कॅसेटला दोन पावसाळ्यांत बुरशी येते. तुमच्यापैकी कुणाच्या घरी जुन्या बीट शोच्या, म्हणजे बँडच्या जाहीर कार्यक्रमांच्या, लग्नातल्या बँडच्या, क्लबातल्या संध्याकाळच्या कॅसेट असतील तर त्या या उन्हाळ्यात बाहेर काढा. बुरशी दिसली तर लावून बघू नका, फीतही जाते आणि यंत्रही, माझ्याकडे आणा. आणि कॅसेटवर काही लिहिलेलं नसेल, तर घरातल्या सर्वांत थोरल्या माणसाला आजच विचारा: हे कुठलं, कधीचं, वाजवतंय कोण?

माझ्या प्रत्येक फाइलच्या नावात तारीख असते, गाव असतं आणि प्रत्येक वादकाचं नाव, वाद्यासकट. बदली म्हणून एकाच धुनेला बसलेल्या मुलाचंही. हे लिहायला दहा मिनिटं लागतात. तेवढी दहा मिनिटं स्टुडिओत कुणी काढली असती, तर आज हळदोण्याच्या, मडगावच्या कितीतरी घरांत नातवंडांना बोट ठेवून दाखवता आलं असतं, की हा आमचा आजोबा.

आता मागचा दरवाजा लावून घ्या आणि पंखे दोन मिनिटं बंद करा. पावसातलंच ते बॅलड ऐकवतो, अख्खं, साडेअकरा मिनिटांचं. चौघांनीही ऐकून होकार दिला आहे. त्यांची नावं तुमच्या हातातल्या कागदावर आहेत. पाऊस साधारण चौथ्या मिनिटाला येतो. तेव्हा पियानोवाल्याच्या डाव्या हाताकडे कान द्या.